एक मिनिट पळून धाप लागते, तर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 42, वजन 88 किलो, शाळा सुटल्यापासून पळण्याशी संबंध नाही, दिवसभर खुर्चीतलं काम. मोबाइलवर शून्यापासून पाच किलोमीटरवाला नऊ आठवड्यांचा प्लॅन घेतला, त्यात एक मिनिट पळायचं, दीड मिनिट चालायचं, असं वीस मिनिटं. पहिल्याच दिवशी तिसऱ्या फेरीला धाप लागून गुडघ्यांवर हात टेकून उभं राहावं लागलं, तरी रेटलं, आणि दुसऱ्या आठवड्यात नडगी दुखायला लागली. हे आपल्या शरीराला जमणारं नाही असं समजून सोडून द्यावं का?

सोडू नका. मी गेली सतरा वर्षं फक्त नवशिक्यांनाच पळायला शिकवते, मॅरेथॉनवाल्यांना शिकवत नाही, ज्यांना एक मिनिटही पळता येत नाही त्यांनाच, आणि तुम्ही लिहिलंय तेच प्रत्येक बॅचमधले निम्मे लोक पहिल्या पंधरवड्यात मला सांगतात. तुमच्या शरीरात काही कमी नाहीये. दोन गोष्टी चुकल्यात, एक म्हणजे स्पीड आणि दुसरी म्हणजे घाई, आणि त्या दोन्ही वेगवेगळ्या आहेत म्हणून वेगवेगळ्या सांगते.

आधी स्पीड. तुम्ही पहिल्या दिवशी काय केलं असेल ते मला न बघता सांगता येतं. पाच मिनिटं चाललात, फोन वाजला आणि सुटलात, बस निघालीय म्हटल्यावर माणूस सुटतो तसे. मोठ्या माणसाला पळणं म्हणजे तेवढंच माहीत असतं, शाळेतले शंभर मीटर आणि नंतर बस नाहीतर ट्रेन पकडणं. हळू पळणं आपण कधी केलेलंच नसतं, ते शिकावं लागतं, आणि खरं सांगायचं तर नवशिक्याला शिकवण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे.

माझ्याकडे नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर पळत नाही, शेजारून भराभर चालते. मी चालतेय, ते पळतायत, आणि मला मागे न पडता त्यांच्यासोबत राहता आलं पाहिजे, एवढाच त्या दिवसाचा नियम. लोकांना आधी फार अवघडल्यासारखं होतं. एक गृहस्थ मला म्हणाले, "अहो मॅडम, यापेक्षा मी चाललो तर लवकर पोचेन." मी म्हटलं पोचाल, पण आज कुठे पोचायचं नाहीये. ताशी साडेसहा-सात किलोमीटरच्या आसपास भराभर चालणं आणि अगदी हळू पळणं एकमेकांना भेटतात, आणि तुमची जागा आत्ता बरोबर तिथे आहे. पावलं छोटी, जमिनीपासून फार वर न उचलता, जवळजवळ जागच्या जागी पळल्यासारखी. पळताना आपल्याला लाज वाटावी इतकं हळू वाटलं तर ते बहुतेक बरोबर असतं.

जोरात पळालं की धाप का लागते तेही समजून घ्या, म्हणजे घाबरायला होणार नाही. फुफ्फुसं कमी पडतात म्हणून नाही लागत. एका मर्यादेपलीकडे स्नायूंना लागणारी ऊर्जा ऑक्सिजनच्या आधारे पुरेशी बनत नाही, मग ते दुसऱ्या मार्गाने ती बनवतात, त्यातून रक्तात आम्लता आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि तो बाहेर टाकायला मेंदू श्वास वाढवतो. ही मर्यादा नवशिक्याची फार खाली असते, म्हणून तुम्ही थोडं जोरात गेलात की ती ओलांडली जाते. हळू गेलात तर ओलांडली जात नाही. बस इतकं साधं आहे.

ही मर्यादा ओळखायला घड्याळ लागत नाही, बोलून बघा. पळता पळता एक पूर्ण वाक्य, दहा-बारा शब्दांचं, न तुटता बोलता आलं की स्पीड ठीक. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर कमी करा. एकटे असाल तर घराचा पूर्ण पत्ता पुटपुटा. मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके बघून पळणारे मला रोज भेटतात, आणि मिनिटाला जास्तीत जास्त ठोके म्हणजे 220 वजा वय हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं, तुमचं त्या हिशोबाने 178 येतं, पण ती सरासरी आहे, एखाद्या माणसाचा खरा आकडा त्याच्यापेक्षा दहा-बाराने सहज इकडेतिकडे असतो. शिवाय मनगटाचा सेन्सर कधीकधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजायला लागतो आणि मग उगाच 160-170 दिसून माणूस हबकतो. पहिले तीन महिने तो आकडा बघूच नका.

आता दुसरी गोष्ट, आणि मला या उत्तरात खरं तर हीच सांगायचीय. पळायला लागल्यावर शरीर बदलतं, पण सगळं एका वेगाने बदलत नाही. पहिल्या एक-दोन आठवड्यातच रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माणसाला वाटतं अरे वा, आपला दम सुधारला. आणि तो खरंच सुधारलेला असतो. मग स्नायू, त्यांच्यातल्या ऊर्जा बनवणाऱ्या यंत्रणा आणि बारीक रक्तवाहिन्या, यांना दीड-दोन महिने लागतात. सगळ्यात शेवटी हाडं आणि टेंडन, म्हणजे स्नायूंना हाडाशी बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या. त्यांना महिने लागतात. हाडाचं तर असं आहे की नवीन भार पडला की आधी तिथलं जुनं हाड पोखरून काढलं जातं, त्याला दोन-तीन आठवडे लागतात, आणि मग नवीन भरायला पुढचे तीनेक महिने. म्हणजे मधे काही आठवडे असे येतात की तुमचं नडगीचं हाड सुरुवातीपेक्षा थोडं कच्चं असतं, आणि बरोबर त्याच आठवड्यांत तुमचा दम तुम्हाला सांगत असतो की चल, आज अजून दोन फेऱ्या मार.

मी पाहिलेल्या बहुतेक दुखापती तिसऱ्या ते सातव्या आठवड्यातल्या आहेत. पहिल्या आठवड्यात लोक कंटाळून सोडतात, पण दुखावले जातात ते पाय हलके वाटायला लागल्यावर.

एक उदाहरण सांगते, नाव सांगत नाही. चाळिशीतल्या एक बाई, अतिशय नियमित, आठवड्यातले तीन दिवस ठरलेले. चौथ्या आठवड्यात मला म्हणाल्या की आता मला काहीच वाटत नाही, छान वाटतं, अजून करू का. मी नको म्हटलं. त्यांनी न सांगता आणखी दोन दिवस वाढवले, घराजवळच, फक्त वीस-वीस मिनिटं. सहाव्या आठवड्यात नडगीच्या आतल्या बाजूला खालच्या भागात एका जागी दुखायला लागलं. एक्स-रे काढला, स्वच्छ आला, म्हणून पुन्हा पळायला लागल्या. पंधरा दिवसांनी नुसतं चालतानाही लंगडायला लागल्या तेव्हा एमआरआय केला, हाडाला बारीक भेग होती. ही भेग सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, हे मी त्यांना आधी ठासून सांगायला हवं होतं, ते मला अजून लागून राहिलंय. त्यानंतर दोन महिने पळणं बंद. बाई चिवट होत्या, परत आल्या, पुन्हा पहिल्या आठवड्यापासून सुरू केलं. पण ते दोन महिने फुकट गेले आणि कारण एकच, दम पुढे निघून गेला होता आणि हाड मागे राहिलं होतं.

त्यामुळे तुमच्या नडगीचं आधी बघू. खुर्चीत बसा, पाय दुसऱ्या गुडघ्यावर टाका, आणि नडगीच्या हाडाची आतली कड घोट्यापासून वर गुडघ्याकडे अंगठ्याने सावकाश दाबत जा. दुखरा भाग चार बोटं किंवा त्याहून जास्त लांब पसरलेला असेल, ठणका मोघम असेल, पळायला सुरुवात केल्यावर दुखतं पण अंग गरम झाल्यावर कमी होतं असं असेल, तर तो झेपण्यापेक्षा जास्त भार आहे, नवशिक्यांत अगदी नेहमीचा, आणि भार कमी केला की बरा होतो. पण दुखणं एका नाण्याएवढ्या जागेत असेल, तिथे दाबलं की अंगावर शहारा यावा असं दुखत असेल, त्या पायावर एक उडी मारली की कळ येत असेल, रात्री पडल्यावरही दुखत असेल, तर पळणं आजपासून बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे. एक्स-रे स्वच्छ आला तरी तोपर्यंत पळायचं नाही जोपर्यंत डॉक्टर हो म्हणत नाहीत.

तुमचं दुखणं पसरलेलं असेल असं धरून पुढचं लिहिते.

तुम्ही घेतलेला प्लॅन वाईट नाहीये. हा मूळचा प्लॅन 1996 मध्ये जॉश क्लार्क नावाच्या तरुणाने बनवला, तोही स्वतःच्या आईला पळायला लावायचं म्हणून, आणि आठवड्याला तीन दिवस, नऊ आठवडे, शेवटी तीस मिनिटं सलग, हा त्याचा सांगाडा नंतर जगभर गेला. त्यात दोन गोष्टी फार चांगल्या आहेत, मधे चालणं आहे आणि दोन पळण्यांच्या मधे एक दिवस सुट्टी आहे. पण त्यात एक जागा अशी आहे की जिथे मी भल्याभल्यांना अडकताना पाहिलंय. पाचव्या आठवड्यात पहिल्या दिवशी पाच-पाच मिनिटांचे तीन तुकडे, दुसऱ्या दिवशी आठ-आठचे दोन, आणि तिसऱ्या दिवशी एकदम वीस मिनिटं सलग. दम असेल तर जमून जातं, पण पायांच्या दृष्टीने ती उडी मला मोठी वाटते, आणि वजन थोडं जास्त असेल, वय चाळिशीपुढे असेल तर जास्तच. नऊ आठवडे हा काही कायदा नाही. माझ्या बॅचेस चौदा आठवड्यांच्या असतात आणि काही लोकांना अठरा लागतात, आणि दोन वर्षांनी कोणाला अठरा लागले होते ते ओळखू येत नाही.

हिशोबच करून बघा. पळताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून साधारण वजनाच्या दोन ते अडीच पट जोर परत येतो, चालताना तो वजनाएवढा किंवा किंचित जास्त असतो. तुमच्या बाबतीत म्हणजे दर पावलाला दोनशे किलोच्या आसपास. मिनिटाला 160 पावलं धरली तर पहिल्या आठवड्यातल्या आठ मिनिटांच्या पळण्यात 1280 पावलं झाली, एकेका पायावर 640 वेळा दोनशे किलो. ज्या पायाने पंचवीस वर्षांत असं काही केलेलं नाही त्याला हे एकदम दिलंत, तेही जोरात. नडगी कुरकुरली यात नवल काय.

म्हणून माझा सल्ला असा की नऊ आठवड्यांच्या आधी तीन आठवडे फक्त चालण्याचे लावा. आठवड्यातले पाच दिवस, तीस मिनिटं, जराशी धाप लागेल पण बोलता येईल असं चालणं. तीस मिनिटं असं चालून दुसऱ्या दिवशी काहीही दुखलं नाही, हे दोन आठवडे टिकलं, की मग पळायला घ्यायचं. हे ऐकून लोकांचा हिरमोड होतो, माहितीये मला, पळायला आलोय आणि ही बाई चालायला लावतेय. पण नडगी ज्या भारामुळे दुखते त्याचाच हलका डोस म्हणजे हे चालणं.

मग पळणं सुरू करताना तुम्ही एका मिनिटाने सुरू करू नका. तीस सेकंद पळणं, दीड मिनिट चालणं, आठ वेळा. हसू येईल इतकं कमी वाटेल. पुढच्या आठवड्यात तेच दहा वेळा. तिसऱ्या आठवड्यात पंचेचाळीस सेकंद, चौथ्यात एक मिनिट, म्हणजे तुम्ही जिथे पहिल्या दिवशी उडी मारली होतीत तिथे चौथ्या आठवड्यात पोचाल. त्यानंतर दीड मिनिट, दोन, तीन असं चढवत जा आणि मधलं चालणं हळूहळू एका मिनिटावर आणा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, फेऱ्या वाढवल्या तर पळण्याची लांबी तीच ठेवायची, लांबी वाढवली तर फेऱ्या तेवढ्याच किंवा एखादी कमी, आणि स्पीड या सगळ्यात कधीच वाढवायचा नाही. पुढे जायचं की नाही ते आठवड्याच्या शेवटी ठरवायचं. तिन्ही दिवस बोलत पळता आलं, दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना काही दुखलं नाही, तर पुढे. नाहीतर तोच आठवडा पुन्हा. मी स्वतः चौतिसाव्या वर्षी सुरू केलं तेव्हा दोन मिनिटांवाला आठवडा चार वेळा केला होता.

चालणं म्हणजे हरणं हे डोक्यातून काढून टाका. जेफ गॅलोवे हा अमेरिकेचा धावपटू 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर पळलेला माणूस, त्याने 1974 मध्ये अजिबात न पळणाऱ्यांचा एक वर्ग घेतला आणि तिथून त्याची पळणं-चालणं-पळणं ही पद्धत आली. यातलं मर्म हे आहे की दमल्यावर चालायचं नाही, दमायच्या आधी चालायचं. टाइमर वाजला की चाला, अजून पळावंसं वाटत असलं तरी चाला. लोक हेच करत नाहीत, छान वाटतंय म्हणून दोन फेऱ्या चालणं गाळतात आणि मग पाचव्या फेरीला मेटाकुटीला येतात. याच पद्धतीने पूर्ण मॅरेथॉन करणारे हजारो लोक आहेत.

आणि व्यायामाच्या जगात मुरलेल्या माणसालाही हळू पळणं नवीन असू शकतं. बिल बाउरमन हे अमेरिकेतले नामांकित अॅथलेटिक्स कोच, पुढे नाइकीच्या दोन संस्थापकांपैकी एक. 1962 मध्ये ते न्यूझीलंडला आर्थर लिडियार्ड या कोचकडे गेले होते, लिडियार्डने तिथे मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या माणसांना हळूहळू पळायला लावलं होतं. बाउरमन तेव्हा पन्नाशीत, त्यांच्यासोबत पळायला गेले आणि मागे पडले, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ त्यांच्यासाठी स्पीड कमी करून सोबत राहिले. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण मी अगदी तेच करते, शेजारून सोबत राहते. तुम्हालाही असं कोणी मिळालं, तुमच्यापेक्षा जास्त पळणारं पण तुमच्या स्पीडने यायला तयार असणारं, तर त्यांना सोडू नका. नाही मिळालं तर एकटे पळा, पण तुमच्यापेक्षा जोरात पळणाऱ्या मित्रासोबत मात्र पहिले तीन महिने अजिबात जाऊ नका, तो कितीही म्हणो की मी हळू पळतो.

पळायची पद्धत, म्हणजे फॉर्म, यावर नवशिके जरुरीपेक्षा जास्त व्हिडिओ बघतात असं माझं मत आहे. टाच आधी टेकते का चवडा, हे सध्या विसरा. दोनच गोष्टी बघा. एक म्हणजे पाऊल शरीराच्या फार पुढे पडू देऊ नका, ते साधारण गुडघ्याखाली पडलं पाहिजे, आणि त्याचा सोपा उपाय म्हणजे पावलं छोटी आणि थोडी भराभर. मिनिटाला 180 पावलं हवीत असं कुठेतरी वाचाल, तो आकडा जॅक डॅनियल्स या कोचने 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधल्या धावपटूंची पावलं मोजून सांगितला होता, ती माणसं शर्यतीत पळत होती, तुमच्या माझ्या सकाळच्या पळण्याला तो लावायची गरज नाही. तुमची आत्ताची पावलं मोजा, समजा 152 आली, तर 158-160 करून बघा, एवढ्याने गुडघ्यावरचा आणि बऱ्याचदा नडगीवरचाही भार कमी होतो. दुसरी गोष्ट आवाज. कानातलं गाणं बंद करून एक फेरी पळा आणि स्वतःची पावलं ऐका. धप धप असा आवाज येत असेल तर पाऊल पुढे जोरात आपटतंय. आवाज कमी करायचा एवढंच मनात ठेवा, शरीर आपोआप बाकीचं जुळवतं. मी बॅचमध्ये डोळे मिटून उभी राहिले तरी मला कोण दमलंय ते कळतं, दमलेल्या माणसाची पावलं जड वाजायला लागतात, आणि तेव्हाच मी चाला म्हणून सांगते. खांदे कानांपाशी गेले असतील तर खाली सोडा, मुठी आवळू नका, बस.

श्वास नाकाने की तोंडाने असं सगळे विचारतात, दोन्हीने घ्या, मोजत बसू नका. बरगडीखाली कळ आली तर चालायला लागा, त्या जागी हात दाबून लांब उच्छ्वास सोडा, दोन-तीन मिनिटांत जाते. पोट भरून खाल्ल्यावर निदान दोन तास जाऊ द्या, त्याने ती बऱ्याच अंशी टळते.

बुटांबद्दल थोडंच सांगते. पळण्यासाठीचेच बूट घ्या, जुने फिरायचे नकोत, पण सगळ्यात महागही नकोत. संध्याकाळी जा कारण दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो, अंगठ्यापुढे बोटभर जागा राहिली पाहिजे, टाच मागे निसटता कामा नये, आणि दुकानात चार पावलं पळून बघा, जो बूट पहिल्या क्षणापासून सुखाचा वाटतो तो घ्या. काही दिवसांनी सैल होईल म्हणून टोचणारा घेऊ नका. साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर चालतो, म्हणजे तुम्हाला वर्षभर काळजी नाही. बायकांनी नीट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा बुटांइतकीच महत्त्वाची समजावी, हे मला प्रत्येक बॅचमध्ये वेगळं सांगावं लागतं कारण कोणी विचारत नाही.

पळण्याआधी पाय ताणून धरायचे व्यायाम केले नाहीत तरी चालतील, त्याने दुखापती टळतात असं दिसलेलं नाही, पाच-सात मिनिटं हळूहळू वाढवत चालणं हाच खरा वॉर्मअप. त्यापेक्षा तो वेळ पोटऱ्यांना द्या. आठवड्यातून दोनदा, न पळायच्या दिवशी, भिंतीला हात टेकून टाचा उचलायच्या आणि सावकाश, तीन मोजत खाली आणायच्या, पंधरा-पंधराचे तीन सेट, जमायला लागलं की एका पायावर. आणि खुर्चीवरून हात न टेकता उठबस, दहा-दहाचे तीन सेट. दहा मिनिटांचं काम आहे आणि नडगीसाठी यासारखं दुसरं काही मला माहीत नाही.

गुडघे झिजतील ही भीती तुम्ही लिहिली नाहीत पण घरातलं कोणीतरी बोलून दाखवणारच. 2017 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून एक आढावा आला होता, त्यात हौसेने पळणाऱ्यांमध्ये खुबा किंवा गुडघ्याची झीज साडेतीन टक्क्यांच्या आसपास आढळली, आणि बैठं काम करणाऱ्या, न पळणाऱ्यांमध्ये दहा टक्क्यांच्या वर. पळाल्यामुळेच झीज टळते असा याचा अर्थ होत नाही, ज्यांचे गुडघे चांगले तेच पळत राहतात हेही आहे, पण हळूहळू वाढवत हौसेने पळणाऱ्याने गुडघ्यांच्या भीतीने बसून राहावं असं त्यात काही नाही. आधीच गुडघ्याला मार लागलेला असेल, ऑपरेशन झालेलं असेल तर मात्र आधी डॉक्टर.

आणि डॉक्टरचं निघालंच आहे तर हे स्पष्ट लिहिते. बीपी, डायबिटीस, घरात कोणाला कमी वयात हार्टचा त्रास, सिगारेट, यातलं काहीही असेल तर सुरू करण्याआधी तपासून घ्या. पळताना छातीत दाब किंवा दुखणं, ते दुखणं हातात किंवा जबड्यात जाणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, विनाकारण धडधड, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं, संपवू एवढी फेरी असं म्हणायचं नाही, आणि त्याच दिवशी दाखवायचं. ताप असताना पळायचं नाही, उतरल्यावरही दोन-तीन दिवस नाही.

वजनासाठी सुरू केलं असेल तर एक गोष्ट आधीच माहीत असू दे. पळण्यात एका किलोमीटरला, एका किलो वजनामागे साधारण एक कॅलरी जाते, म्हणजे तुम्ही तीन किलोमीटर केलंत तर 260 च्या आसपास. त्यात पहिल्या महिन्यात शरीर पाणी धरून ठेवतं आणि भूकही वाढते. त्यामुळे काटा हलला नाही म्हणून सहाव्या आठवड्यात सोडून देणारे फार असतात, आणि मला त्यांचं फार वाईट वाटतं कारण त्यांचा दम, झोप, जिने चढणं सगळं सुधारलेलं असतं, फक्त ते काट्याकडे बघत बसलेले असतात. पहिले तीन महिने वजन महिन्यातून एकदाच करा.

मधे खंड पडेल. सगळ्यांचा पडतो, आजारपण, प्रवास, कामाचा डोंगर. आठवडाभर गेला तर मागचा आठवडा पुन्हा करा, दोन आठवडे गेले तर दोन आठवडे मागे या, महिना गेला तर पहिल्यापासून, पण पहिल्यापासून केलं तरी दुसऱ्या वेळी दम लवकर परत येतो. बुडालेले दिवस भरून काढायला सलग तीन दिवस पळणं, हे मात्र कधीच नाही.

लोक बघतात याचा संकोच असतो, वजन जास्त असलेल्यांना जास्त असतो. मी त्यावर इतकंच सांगते की पहिले दोन आठवडे अशी वेळ निवडा जेव्हा गर्दी कमी असते, आणि एकाच ठिकाणी जा. पंधरा दिवसांनी तिथले नेहमीचे लोक तुम्हाला ओळखायला लागतात, मान डोलावतात, आणि त्यानंतर ती जागा तुमची होते.

शेवटच्या टप्प्याबद्दल एक खुलासा, कारण तिथे बऱ्याच जणांना फसल्यासारखं वाटतं. तीस मिनिटं सलग पळता आलं म्हणजे पाच किलोमीटर झाले असं नाही. तुमच्या आत्ताच्या स्पीडने, ताशी सात धरा, तीस मिनिटांत साडेतीन किलोमीटर होतात. पाच व्हायला त्रेचाळीसेक मिनिटं लागतील. तेव्हा स्पीड वाढवून ते तीस मिनिटांत बसवायचा प्रयत्न करू नका, आठवड्यातल्या फक्त एका दिवसाला दोन-दोन मिनिटं वाढवत न्या, दीड-दोन महिन्यांत पाच किलोमीटर आपोआप होतील. ठरावीक दिवस एकत्र जमून पाच किलोमीटर पळायची पद्धत आता बऱ्याच देशांत आहे, लंडनच्या बुशी पार्कमध्ये 2004 च्या ऑक्टोबरमध्ये लोक असे पहिल्यांदा जमले, ज्याला आता पार्करन म्हणतात, तेव्हा फक्त 13 जण पळाले होते आणि आज तिथे चालत पाच किलोमीटर करणाऱ्यांनाही तेवढंच मनापासून बोलावतात. तुमच्या आसपास असं काही असेल तर तीस मिनिटं होण्याची वाट बघू नका, पळत-चालत आताच जा.

तर उद्या पळू नका. आज अंगठ्याने नडगी तपासा, एका जागी कळ येत नसेल तर उद्यापासून तीस मिनिटं चाला, आणि पाच दिवसांनी पुन्हा त्याच जागी दाबून बघा. दुखरा पट्टा आखूड झाला असेल तर आपण बरोबर रस्त्यावर आहोत, तेवढाच राहिला असेल तर चालणं वीस मिनिटांवर आणा आणि टाचा उचलायचा व्यायाम दुखत नसेल तेवढाच करा. अजिबात दुखेनासं झाल्यावर दोन आठवडे आणखी चाला, आणि मग ते तीस सेकंद.